पाणी न लागलेलं ट्रंपेट

टीबी नाही असं कळलं त्या दिवशी आम्ही अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. हसू नका. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला चार महिने खोकला आला आणि बेडक्यात रक्ताची रेघ दिसली की दुसरा रोग आठवतच नाही. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीतले काका त्या रोगाने गेले, तेव्हा त्यांचा पेला वर्षभर मोरीवरच्या फळीवर तसाच पडून होता. कुणी त्याला हात लावला नाही. त्यामुळे परळच्या इस्पितळात डॉक्टरबाई "टीबी नाही" म्हणाल्या, तेवढंच माझ्या कानात शिरलं. पुढचं सगळं मी हसऱ्या तोंडाने ऐकलं आणि काहीही ऐकलं नाही.

माझ्या नवऱ्याने, दिलीपने, ते ऐकलं होतं. पावतीच्या मागे त्याने रोगाचं नाव लिहून घेतलं होतं. ब्राँकिएक्टेसिस. घरी आल्यावर पेढ्याचा रिकामा खोका हातात घेऊन तो म्हणाला, "सुलभा, हे जाणारं नाहीये गं."

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं असं होतं. माझ्या श्वासाच्या काही नळ्या सैल होऊन रुंदावल्या आहेत. तिथे कफ साचतो आणि त्या कफात जंतूंनी कायमचं घर केलं आहे. औषधाने त्यांना दाबता येईल, पण हाकलून देता येईलच असं नाही.

"म्हणजे पागडीचे भाडेकरू," दिलीप त्यांना म्हणाला होता. डॉक्टरबाई हसल्या होत्या म्हणे. मी मात्र त्या संध्याकाळी खोका त्याच्या हातातून ओढून घेतला आणि रडले. शेजारणी आठवडाभर "सुटलीस बाई" म्हणत होत्या. मी मान हलवत होते.

हे लिहितेय ते अशाच कुणासाठी. पेढे वाटायला हरकत नाही, पण डॉक्टरांचं वाक्य संपेपर्यंत थांबा.

सकाळचं काम

या आजारात दिवस कफापासून सुरू होतो. वाफ घ्यायची, मग पलंगाच्या कडेवर दोन उशा ठेवून डोकं खाली, कंबर वर असं पडायचं आणि दुसऱ्याने तळहाताचा खोलगा करून पाठीवर थापट्या मारायच्या. वीस मिनिटांनी डबीत जे पडतं त्याचा रंग बघायचा. पांढरा म्हणजे बरा दिवस, हिरवा म्हणजे वाईट. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर नवराबायकोने रोज सकाळी एकत्र बसून काय करावं, तर बायकोच्या बेडक्याचा रंग ठरवावा.

सुरुवातीला मला लाज वाटायची. दिलीपला किळस यायची आणि तो ती लपवायचा. पुढे माझ्या खोकल्याने त्याची झोप उडायला लागली, तेव्हा पाठ दुखते असं सांगून तो हॉलमध्ये गादी घालून झोपू लागला. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी थापट्या मारता मारता तो म्हणाला, "खोकल्याने झोप येत नाही. पाठ बरी आहे माझी. खरं बोललो तर तुला लागेल असं वाटलं." मी म्हटलं, "खोटं बोललास ते जास्त लागलं." दिलीप आजही हॉलमध्येच झोपतो, पण आता आमच्यात अबोला नाही.

आमची मुलगी स्वाती नाशिकला असते. तिला तेव्हा दिवस गेले होते. मी बाळंतपणाला येईन म्हटल्यावर तिने फोनवर विषय बदलला. मला कळायचं ते कळलं. शेवटी डॉक्टरबाईंनीच तिला फोन करून सांगितलं, की हा टीबीसारखा पसरणारा आजार नाही, आजी नातवाला खुशाल घेऊ शकते. स्वाती मग खूप रडली. मी तिला रडू दिलं. अशा वेळी लगेच "असू दे गं" म्हणायची मला सवय नाही.

दुसरी पाळी

आता भाऊंविषयी सांगायला हवं. भाऊ म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याऐंशी. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. आमची चाळ पडली आणि त्याच जागी टॉवर उभा राहिला. त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. भाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पाळी नसेल तेव्हा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. गिरणी बंद पडल्यावर मग बँडच उरला.

चाळीच्या गॅलरीत भाऊ रियाजाला बसले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "भाऊ, जरा ते कालचं घ्या!" कालचं म्हणजे कुणाच्या तरी वरातीत वाजवलेलं. भाऊ तोंडातलं पान थुंकून चूळ भरायचे आणि कालचं घ्यायचे. वाळत घातलेल्या साड्यांखालून तो सूर जिन्यापर्यंत जायचा. टॉवरमध्ये सगळी दारं बंद असतात. मला अजून वाटतं, की चाळीत आमच्या मजल्यावरची चाळीस माणसं एकमेकांना सुरांनी जास्त ओळखत होती आणि नावांनी कमी.

मला पाचव्या वर्षी डांग्या खोकला झाला होता. छाती कायमची नाजूक राहिली. कुणीतरी भाऊंना सांगितलं, की पोरीला फुंकायला लावा, छाती मोकळी होईल. बँडमध्ये मुलगी म्हणून सगळे हसले. भाऊ आपल्या मालवणीत म्हणाले, "हसा. माझ्या चेडवाची छाती तुमच्यापेक्षा घट जातली." दहाव्या वर्षापासून मी वाजवू लागले. दोन वर्षं आमच्या मंडळाच्या विसर्जनाला भाऊंच्या शेजारी उभं राहून वाजवलं. वाटेवरच्या पाठारे चाळीच्या खिडकीतून बायका माझ्याकडे बोट दाखवायच्या आणि मी गाल आणखी फुगवायचे. त्या दोन वर्षांइतका भाव मला पुढे आयुष्यात कुणी दिला नाही. पुढे विमा कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हलवल्या. ट्रंपेट घरच्या घरी राहिलं.

भाऊंच्या बँडची एक रीत होती. वाद्याला पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की सूर फुटतो, असं त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं आणि मास्तरांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. वाजवून झालं की झटकायचं, बाहेरून फडक्याने चमकवायचं, कळांना तेल द्यायचं, बस. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं वाहून पूजा झाली, की मधात कालवलेलं चमचाभर दूध वाद्याच्या तोंडातून आत सोडायचं. सूर गोड राहतो म्हणून. वाद्याला पाजल्याशिवाय भाऊ जेवायचे नाहीत. हे ट्रंपेट त्यांना मास्तरांकडून मिळालं आणि माझ्याकडे आलं तेव्हा त्या रीतीसकट आलं. मीही दर दसऱ्याला पाजत होते.

गेल्या तीन वर्षांत भाऊंची आठवण विरत चालली आहे. दुपारी तीन वाजले की ते उठतात, शर्ट घालतात, चपला शोधतात. "पाळीक जातंय," म्हणतात. साडेतीनची दुसरी पाळी. त्यांची गिरणी जिथे होती तिथे आता मॉल आहे. दोनदा ते तिथल्या गेटवर उभे सापडले. वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता आणि ते त्याला आपला गिरणीतला नंबर सांगत होते.

एका दुपारी काहीच सुचेना म्हणून मी ट्रंपेट काढलं आणि वाजवलं. भाऊ दारातून परत आले, खुर्चीत बसले. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायला लागली. साडेतीन वाजून गेले. त्यांना कळलंही नाही.

त्या दिवसापासून रोज सव्वातीनला मी वाजवत होते. नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती भाऊंसाठीच. खोकला सुरू झाला तेव्हाही वाजवत होते, दम लागायचा तेव्हाही. डॉक्टरबाईंना हे सांगितलं नाही. दिलीपनेही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी त्यावर बोलून काही ठरवलं नव्हतं. त्या बंद करा म्हणतील आणि मग भाऊंना कोण धरून ठेवणार, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

श्वासाचे थेंब

इस्पितळात माझ्यासारख्या रुग्णांवर एक अभ्यास चालू होता. येणार का, असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. दर महिन्याला कुणीतरी नीट विचारपूस करेल, एवढाच हेतू. ते काम रेवती बघायची. गिरगावची मुलगी, तिशीही उलटलेली नाही. चष्मा सतत नाकावरून घसरत असतो.

पहिल्या दिवशी तिने मला समजावून सांगितलं. "काकू, जंतूंशी लढताना तुमचं शरीर जे तिखट फेकतं ना, ते जंतूंना लागतं तसं तुमच्याच पेशींनाही लागतं. लोखंड गंजतं तशी आतली झीज होते. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्याच्या खुणा रक्तात, कफात, श्वासातसुद्धा मिळतात. आम्ही त्या मोजतो."

"म्हणजे लाठीमारात चोरापेक्षा बघ्यांनाच जास्त बसतात, तसं?"

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि ते वहीत लिहून घेतलं की काय अशी मला शंका आली.

श्वास गोळा करायचं यंत्र साधं दिसायचं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, नळीचं दुसरं टोक गारठवलेलं. पंधरा-वीस मिनिटं शांतपणे श्वास घ्यायचा आणि सोडायचा. गार नळीत श्वासाचे थेंब जमतात. मी पहिल्यांदा सवयीने जोरात फुंकलं. "फुंकायचं नाही काकू, नुसता श्वास सोडा," रेवती म्हणाली. चाळीस वर्षांची खोड अशी जाते थोडीच? शेवटी जमले ते थेंब तिने उजेडात धरून दाखवले. चमचाभरही नव्हते. आपला श्वास असा बाटलीत बघताना मला एकदम भाऊ आठवले. वाजवून झाल्यावर ट्रंपेट झटकायचे तेव्हा गॅलरीच्या लादीवर असेच थेंब पडायचे. तेही मी तिला सांगितलं नाही.

तिने एक फॉर्म भरून घेतला. तंबाखू? नाही. मिसरी? नाही. घरात धूप, उदबत्ती? गणपतीत. खिडकीत कबुतरं? येतात, हाकलते. वाद्याविषयी फॉर्मात प्रश्न नव्हता. मीही आपणहून काही बोलले नाही.

आणखी एक सांगायला हवं. हे आकडे बघून औषध ठरवत नाहीत, ते अभ्यासासाठी असतात, असं रेवतीने आधीच बजावलं होतं. पण आपल्याविषयीचा कुठलाही आकडा समोर असला, की माणूस त्यात आपलं भविष्य बघायला लागतो. मीही बघायला लागले.

चौदा दिवस

दिवाळीनंतर ताप उतरेना. चौदा दिवस शिरेतून औषध देण्यासाठी दाखल व्हावं लागलं. दिलीपने रजा काढली आणि रोज साडेतीनला तो भाऊंना मॉलच्या गेटपर्यंत चालवत न्यायचा. "आज गिरणीला सुट्टी आहे," असं सांगून परत आणायचा. दहाव्या दिवशी भाऊ फूटपाथवर पडले, गुडघा फुटला. दिलीपने मला ते मी घरी आल्यावर सांगितलं.

वॉर्डात पहाटे ताप बघायला येत, मग चहा, मग सलाईन. सकाळची राउंड येईपर्यंत सगळे केस विंचरून बसत, परीक्षेला बसल्यासारखे. शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्याच्या एक आजी होत्या. फिजिओथेरपिस्ट रविवारी यायची नाही. पहिल्या रविवारी माझा कफ सुटेना, मी कासावीस झाले. आजी आपली सलाईनची सुई सांभाळत उठल्या आणि म्हणाल्या, "पालथी हो." बोंबील साफ करून करून घट्ट झालेल्या त्या हाताने त्यांनी माझ्या पाठीवर अशा थापट्या मारल्या, की दिलीपने तसं शिकायला हवं होतं. दोन दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं, याची अजून चुटपुट लागते.

चौदा दिवसांनी रेवतीचे आकडे खाली आले. ती खूश, मी खूश. महिन्याभरात ते पुन्हा वर गेले. मार्चमध्ये स्वातीला मुलगा झाला आणि मी भाऊंना घेऊन तीन आठवडे नाशिकला गेले. ट्रंपेट मुंबईतच राहिलं. परक्या घरात भाऊ पाळी विसरतील की जास्तच करतील, ही धास्ती होती. पण तीन वाजले की ते पाळण्याशी जाऊन बसायचे आणि पणतूकडे टक लावून बघायचे. एकदाही चपला शोधल्या नाहीत. परत आल्यावर आकडे खाली. आणखी एका महिन्याने पुन्हा वर.

"लालबागची हवा," रेवती म्हणाली. "केवढी बांधकामं चालू आहेत." डॉक्टरबाई म्हणाल्या, जमलं तर काही महिने घर बदलून बघा. दिलीप खरंच बदलापूरला जागा बघून आला. भाऊंना लालबागमधून उचलून तिथे नेलं, तर तीन वाजता ते कुठलं गेट शोधत फिरतील, हे मला दिसत होतं. तरीही ट्रंपेटचं मी सांगितलं नाही.

मे महिन्यात एकदा सकाळी यंत्र बिघडलं होतं, म्हणून रेवतीने संध्याकाळी बोलावलं. भाऊंना वाजवून दाखवून मी टॅक्सीने तशीच गेले. तोंडात नळी द्यायला ती वाकली आणि थांबली.

"काकू, ओठांवर हा गोल कसला उठलाय?"

मी ओठ पुसले. तो गोल पुसून जाणारा नव्हता. नाकाला चिमटा लावलेला होता, त्यामुळे मी सगळं गेंगाण्या आवाजात सांगितलं. पाणी न लावायची रीत, दसऱ्याचं दूध, सव्वातीन, सगळं. रेवती रागावेल असं वाटलं होतं. तिने चिमटा काढला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "उद्या घेऊन या. ते."

डब्यातला सूर

ट्रंपेटच्या आतून बोळा फिरवून तपासणीला दिला. प्रयोगशाळेत त्या बोळ्यावर वाढले ते माझ्या कफात होते त्याच जातीचे जंतू. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सावकाश सांगितलं. तुमच्या नळ्या लहानपणीच्या खोकल्याने आधीच दुखावलेल्या असणार. जंतू पहिल्यांदा कुठून आले ते कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही रोज त्यांना नव्याने आत ओढत होतात. वाद्य वाजवणारी असंख्य माणसं धडधाकट असतात, ती वाद्य धुतात. तुम्ही निदान तीन महिने वाजवायचं नाही.

त्या रागावल्या, आणि ते बरोबर होतं. "घर बदलायला सांगत होते मी तुम्हाला!" म्हणाल्या. मी खाली मान घालून ऐकलं.

दिलीपने ट्रंपेट पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. माझं वाजवणं त्याने पूर्वी मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला ते मोठ्या आवाजात लावलं. भाऊंनी दोन मिनिटं ऐकलं. "ह्या तू नाय वाजवूक," ते मला म्हणाले. "ह्या डब्यातला." आणि शर्ट घालायला लागले.

चौथ्या दिवशी मी वाफ घेत असताना ते निघून गेले. लिफ्टने खाली, रस्ता ओलांडून, मॉलच्या गेटवर. वॉचमनचा फोन आला तेव्हा मी तोंडावरचा मास्क तसाच टाकून धावले. लालबागच्या पुलाखाली दम संपला, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिले आणि शंभर पावलांवर भाऊ दिसत असताना मला पाय उचलता येईना. त्या क्षणी मी ठरवलं की घरी जाऊन ट्रंपेट काढायचं. माझं काय व्हायचं ते होवो.

गरम पाणी

घरी आल्यावर मी माळ्यावरून पिशवी काढली. भाऊ खुर्चीत बसले होते. मी ट्रंपेट ओठांजवळ नेलं आणि मला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. भाऊ बघत राहिले. अधूनमधून त्यांचं डोकं लख्ख होतं, तसं तेव्हा झालं असावं.

"गो सुलभा, काय झाला तुका?"

आजवर मी त्यांना "थोडा खोकला" एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी मला बळ उरलं नव्हतं. मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. छातीतले जंतू, तेच ट्रंपेटमध्येही सापडले, वाजवायला बंदी. पाणी न लावण्याचं बोलले नाही. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

त्यांनी माझ्याकडून ट्रंपेट काढून घेतलं. मग म्हणाले, "माका आदी कित्याक सांगूक नाय?" आणि थोड्या वेळाने, "गरम पाणी हाड."

मी बादली आणली. मोरीजवळ पाट मांडून ते बसले. ज्या माणसाला सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत, त्याने कळा काढल्या, सरकत्या नळ्या ओढून काढल्या, तोंडाचा भाग वेगळा केला, सगळं क्रमाने पंच्यावर मांडलं. मग मोठी नळी पाण्यात बुडवून हलवली. तिच्यातून आधी हिरवट पाणी आलं, मग काळ्या साईसारखं काहीतरी सुटून आलं आणि त्याचा आंबूस वास घरभर झाला. कितीतरी दसऱ्यांचं दूध होतं ते.

भाऊंनी ते बोटावर घेतलं, वास घेतला.

"ह्या मी तुका पाजलंय," ते म्हणाले.

"नाही भाऊ. डॉक्टर म्हणाल्या, कुठून आलं ते सांगता येत नाही."

"छाती घट होऊची म्हणान दिलंय तुझ्या हातात." त्यांचे ओठ थरथरायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सांगितलं याचा मला त्या क्षणी इतका पश्चात्ताप झाला, की खोकून खोकून मेले असते तरी चाललं असतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते उठले आणि शर्ट घातला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. भाऊ दाराकडे आलेच नाहीत. ते मोरीजवळ गेले, पाटावर बसले आणि म्हणाले, "पाणी हाड गो."

त्या दिवसापासून त्यांची दुसरी पाळी मोरीवर लागली. साडेतीनला पाणी, कळा, नळ्या, पंचा, तासभर. सकाळी दिलीपला "तू कोण" म्हणतात, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण हे चुकत नाही. मॉलच्या गेटवर पुन्हा गेले नाहीत. आणि धुताना रोज तेच विचारतात, "खोकलो कसो आसा?" विसरायला हवं तेच एक त्यांच्या डोक्यात राहिलं आहे.

माझी तब्येत सावरली. जंतू अजून आहेत, पण दबलेले आहेत. आणखी एकदा शिरेतून औषध घेतलं, वाफ चालू आहे, सकाळच्या थापट्या चालू आहेत. रेवतीचे आकडे सलग पाच महिने खाली राहिले. एका माणसाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं ती दरवेळी सांगते आणि दरवेळी हसते. तिच्या फॉर्मात आता वाद्याचा प्रश्न आहे. तुम्हाला असा आजार असेल तर फॉर्मात नसलेलंही सांगा. विशेषतः जे सांगायची भीती वाटते ते.

गेल्या आठवड्यात ट्रंपेटचा बोळा पुन्हा तपासला. काहीच वाढलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज दहा मिनिटं वाजवा. झाल्यावर धुवायचं, वाळवायचं." मला इतका आनंद झाला, की परळपासून घरापर्यंत मी चालत आले. कुठेही थांबावं लागलं नाही. वाटेत बोटं पर्सवर वाजत होती. सहा महिन्यांनी भाऊंच्या समोर वाजवायचं, काय घ्यायचं तेही ठरवून टाकलं होतं. कालचं.

घरी पोहोचले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. भाऊ पाटावर, पंच्यावर सगळे भाग मांडलेले. मी शेजारी बसले.

"भाऊ, डॉक्टर हो म्हणाल्या. साफ आहे आता. द्या माझ्याकडे, वाजवते."

त्यांनी नळी उचलली, उजेडाकडे धरून आतून पाहिली, आणि माझा हात हळूच बाजूला केला.

"थांब गो," ते म्हणाले. "अजून साफ जावक नाय."

बादलीतलं पाणी निवलं होतं. मी आत गेले आणि गरम पाणी घेऊन आले.